साठवणीच्या फळीवर चिनी मातीची बरणी की काचेची?

गावाकडच्या घराचा बाज हवा म्हणून बरण्या मांडायच्या, तर लोणच्यासाठी माझा कौल चिनी मातीला. आत उजेड शिरत नाही, मीठ-आंबटाचा झिलईवर परिणाम होत नाही. तोंडाला कापडाचा दादरा बांधला की वर्षभर निर्धास्त. फक्त झिलई तडकलेली जुनी बरणी खाण्याच्या जिनसांसाठी नको. जुन्या झिलईत शिसं असू शकतं, आणि आंबटामुळे ते लोणच्यात उतरतं.

काचेचं सुख म्हणजे आतलं दिसतं. तूरडाळ संपत आलीय की तांदळात पोरकिडे झालेत, झाकण न उघडता कळतं. पण उजेडात हळद-तिखटाचा रंग उडतो, म्हणून त्या बरण्या बंद फडताळात. कडधान्यं, साबुदाणा मात्र उघड्या फळीवर खुशाल काचेत ठेवा.