शेजारचे कोंबडे झुंजीचे वाटतात? बोलावे, थांबावे की पोलिसांत जावे

नाशिकच्या कडेच्या वसाहतींत भिंतीपलीकडे मळा असणे नवे नाही आणि मळ्यात कोंबड्या असणे तर मुळीच नाही. पण सात-आठ कोंबडे, प्रत्येक जण वेगळ्या दोरीला, कोंबड्या नावापुरत्या आणि एखाद्याच्या डोक्यावर ताजी जखम, असे दिसले की प्रश्न पडतो. तक्रार केली आणि शंका खोटी निघाली तर जन्माचे शेजारी दुखावतात. गप्प बसलो तर पायाला पाते बांधून मारले जाणारे पक्षी रोज डोळ्यांसमोर. हा आढावा या दोन टोकांमधल्या वाटांची तुलना करतो. आमचे मत आधीच सांगतो: शंकेची तक्रार करू नका, दिसलेल्या गोष्टीची करा, आणि जे दिसले त्यावरून कुठे जायचे ते ठरवा.

कायदा नेमका कशाला हात घालतो

कोंबडे पाळणे गुन्हा नाही. असील या झुंजार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचे पाळणेही नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 च्या कलम 11(1) मधील खंड (एम) करमणुकीसाठी प्राण्याला झुंजायला लावणे हा गुन्हा ठरवतो. खंड (एन) झुंजीसाठी जागा ठेवणे, चालवणे, वापरायला देणे किंवा तिथे प्रवेशाचे पैसे घेणे हा गुन्हा ठरवतो. या दोन खंडांतला फरक तक्रारदाराने पाठच करावा. कलम 31 प्रमाणे (एन) दखलपात्र आहे, (एम) नाही. म्हणजे ‘तो कोंबडे झुंजवतो’ एवढेच सांगितले तर ठाण्यात एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद लिहून घेऊन हातात कागद मिळण्याची शक्यता जास्त. ‘अमुक आवारात झुंजी भरवल्या जातात, बाहेरची माणसे येतात, पैसे घेतले जातात’ असे सांगता आले, आणि ते खरे असले, तर पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीची वाट न पाहता तपास सुरू करता येतो.

दुसरा आधार महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. कलम 12 प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर किंवा जागी पक्षी-प्राणी झुंजवणाऱ्याला आणि तिथे हजर राहून मदत करणाऱ्याला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडे कोंबडबाजारावर म्हणजे पैजेच्या झुंजींच्या अड्ड्यावर धाड पडते तेव्हा याच कायद्याचा आधार घेतला जातो आणि रोकड, दुचाक्या, कोंबडे, पायाला बांधायच्या लोखंडी काती जप्त होतात. झुंज बंद आवारात असेल तर जुगाराच्या अड्ड्याची कलमे लागतात. मात्र तिथे छापा घालायला वरिष्ठांचे अधिकारपत्र किंवा खास वॉरंट लागते, म्हणून आज सांगून आजच धाड पडेल असे धरून चालू नये.

प्राणी कायद्याचा दंड मात्र वाचून वाईट वाटते: पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. खरा फटका बसतो तो जप्तीचा.

‘बैलगाडा शर्यत चालते, मग कोंबडा का नाही?’ हा युक्तिवाद ऐकावा लागेल. प्राणी कायद्यातली महाराष्ट्राची 2017 ची दुरुस्ती फक्त बैलगाडा शर्यतीपुरती आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये ती वैध ठरवली ती तेवढ्यापुरतीच. कोंबड्यांच्या झुंजीला तिचा आधार मिळत नाही.

छंद की झुंज: काय पाहावे

| दिसणारी गोष्ट | छंद, विक्री किंवा घरच्यासाठी | झुंजीची तयारी |
|---|---|---|
| नर-मादीचे प्रमाण | माद्या जास्त, पिल्ले फिरताना दिसतात | वयात आलेले नर जास्त, माद्या मोजक्या |
| तुरा | असीलचा मुळातच वाटाण्याएवढा, गाठीसारखा | कापल्याची सरळ कड, व्रण |
| पायामागचा काटा | वयाप्रमाणे वाढलेला | करवतीने कापून बुंधा ठेवलेला |
| जखमा | क्वचित, एखाद्याला | डोके, छाती, मांडीवर वारंवार, टाके घातलेले, डोळा गेलेला |
| माणसांची ये-जा | गिऱ्हाईक येते, पक्षी घेऊन जाते | ठरावीक वारी घोळका, प्रत्येकाच्या बगलेत कोंबडा |

यातली एकच खूण पुरेशी नाही, आणि इथेच बहुतेक तक्रारी फसतात. असीलची मान लांब, छातीवर पिसे विरळ, कातडी लाल, चोचीखालचे मांस जवळजवळ नसतेच. अनोळखी माणसाला हे सगळे ‘कापलेले, सोललेले’ वाटते. असील नर एकत्र सोडले तर पाळणाऱ्याच्या मनात नसतानाही ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात, म्हणून छंदी माणूससुद्धा त्यांना वेगवेगळे डालायचा किंवा बांधायचा. वेगळे बांधलेले कोंबडे हा पुरावा नाही.

वजन ज्याला द्यावे अशा खुणा वेगळ्या आहेत. पायाच्या काट्यावर कापड गुंडाळून दोन नर समोरासमोर सोडले जात असतील तर तो सराव आहे. अंगाला हळदीचा शेक, रोजची मालीश, ठरावीक वेळ पळवणे हे एकेकटे असेल तर हौस, पण जखमा आणि घोळका यांच्या जोडीने असेल तर तयारी. पातळ, धारदार, पायाला बांधायच्या बेताचे पाते म्हणजे काती दिसली तर शंकेला जागा उरत नाही. इंजेक्शनच्या सुया आणि शक्तिवर्धकांच्या रिकाम्या बाटल्या कचऱ्यात दिसल्या तरी त्या लसीकरणाच्याही असू शकतात. एकट्या त्यावर काही ठरवू नये.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर भागातून शहरात आलेली कित्येक घरे गावरान कोंबडे पाळतात, नवसासाठी, पाहुण्यांसाठी, चार पैशांसाठी. माणूस कोण आहे यावरून कोंबडा झुंजीचा ठरत नाही. पक्ष्याच्या अंगावर काय दिसते आणि आवारात काय घडते, एवढेच पाहायचे.

वाट पहिली: शेजाऱ्याशी बोलणे

त्रास फक्त आरवण्याचा, वासाचा, माश्यांचा असेल तर हीच वाट योग्य, आणि ती आधी न धरता केलेली तक्रार अन्याय्य. ‘काका, पहाटे चारपासून झोप मोडते, खुराडे आमच्या भिंतीपासून लांब घेता येईल का?’ एवढे पुरते. उपायही सुचवा: रात्री हवा खेळती पण अंधारे खुराडे, आणि सकाळी उजाडल्यावरच सोडणे. कोंबड्याला मान ताणायला आणि उजेड दिसायला मिळाला की तो आरवतो, म्हणून अंधाराने आवाज काहीसा कमी होऊ शकतो. विष्ठा दर दोन-तीन दिवसांनी काढून चुना किंवा राख टाकली तर माश्याही आटोक्यात येतात.

पण जखमा, घोळका, पैशांची देवाणघेवाण यातले काही दिसले असेल तर बोलायला जाऊ नका. ‘तुम्ही झुंजी लावता का?’ या प्रश्नाने फक्त सावध करण्याचे काम होते. रात्रीतून पक्षी ओळखीच्या मळ्यात हलतात, पोलीस आल्यावर आवार झाडलेले असते, ‘काही आढळून आले नाही’ अशी नोंद होते आणि तुमच्या पुढच्या अर्जाला कोणी मनावर घेत नाही. जिथे पैज आहे तिथे पैसे अडकलेली बाहेरची माणसेही आहेत. धोका शेजाऱ्याकडून कमी, त्यांच्याकडून जास्त.

वाट दुसरी: महापालिका किंवा ग्रामपंचायत

अस्वच्छता आणि उपद्रव एवढाच मुद्दा असेल आणि बोलून उपयोग झाला नसेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार. देवळालीत कॅन्टोन्मेंट बोर्ड, हद्दीबाहेर ग्रामपंचायत. झुंजीच्या प्रश्नावर ही वाट तोकडी आहे. नोटीस निघते, खुराडे हलते, झुंज चालू राहते.

पक्षी एकाएकी मरू लागले, माना वाकड्या होऊ लागल्या, तर मात्र झुंजीचा विषय बाजूला ठेवून जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, ती अशीच पसरते आणि ठिकठिकाणच्या झुंजींतून फिरणारे कोंबडे ती घरोघर पोहोचवतात. बर्ड फ्लूचा देशातला पहिला उद्रेक 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता, हे उत्तर महाराष्ट्राने विसरू नये. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, नाल्यात टाकू देऊ नका.

वाट तिसरी: पोलीस

झुंज प्रत्यक्ष चालू असेल तर विचार करत बसू नका, 112 फिरवा. नेमका पत्ता, आवाराला किती वाटा आहेत, अंदाजे किती माणसे, गाड्या कुठे लावल्या आहेत आणि पैसे फिरताना दिसतात का, एवढे एका दमात सांगा. ‘कोंबड्यांवर जुगार चालू आहे’ हे शब्द वापरा, दिसत असेल तरच. नुसते ‘कोंबडे भांडतायत’ म्हटले तर फोन पलीकडे किरकोळ ठरतो.

झुंज चालू नसेल, पण सराव आणि जखमा दिसत असतील, तर लेखी अर्ज. हद्द आधी पाहा: आडगाव, म्हसरूळ, पंचवटी, सातपूर, अंबड, नाशिकरोड ही ठाणी शहर आयुक्तालयाची, तर ओझर, सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर ही ग्रामीण अधीक्षकांकडची. चुकीच्या ठाण्यात दिलेला अर्ज टपालात फिरत राहतो. अर्ज वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे, एका पानाचा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. दखल घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तोच मजकूर आयुक्त किंवा अधीक्षकांना लेखी पाठवता येतो, आणि त्यापुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. प्राणी कायद्याखालील खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो (कलम 36), म्हणून ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणता येत नाही.

नाव बाहेर फुटेल का

सगळ्यांना छळणारा प्रश्न हाच, आणि त्याचे उत्तर तुम्ही काय होता यावर अवलंबून आहे. खबर देणारा वेगळा, फिर्यादी वेगळा. फिर्यादीचे नाव एफआयआरमध्ये येते आणि तिची प्रत आरोपीला मिळते. खबर दिली, पोलिसांनी खात्री करून स्वतः धाड घातली, तर जुगाराच्या गुन्ह्यात फिर्याद सहसा पोलीस कर्मचारी सरकारतर्फे देतो. गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगायला पोलिसांना भाग पाडता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 131 मध्ये ते स्पष्ट आहे. म्हणून ‘मला फिर्याद द्यायची नाही, माहिती द्यायची आहे, नाव गुप्त ठेवावे’ हे वाक्य सुरुवातीलाच बोला, अर्जात पहिल्या ओळीत लिहा.

तरीही व्यवहारात वस्ती लहान असेल तर अंदाज बांधले जातात. तसे भय असेल तर प्राणीरक्षणाचे काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत किंवा पशुसंवर्धन उपायुक्त कार्यालयामार्फत माहिती पुढे पाठवा. वेळ जास्त जातो, पण जखमी पक्ष्याची जखम कशाने झाली हे सांगणारा पशुवैद्य त्यांच्यासोबत येऊ शकतो. पोलिसांना ते एरवी सुचत नाही.

उलट बाजूही खरी आहे. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन पोलिसांना कुणाच्या मागे लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 217 खाली गुन्हा आहे. जे पाहिले तेवढेच लिहिणाऱ्याला या कलमाची भीती बाळगण्याचे कारण नाही. जागेच्या जुन्या वादाचा राग अर्जात ओतणाऱ्याला आहे.

अर्जात आणि मोबाइलमध्ये काय असावे

दिनांक, वेळ, काय दिसले, कुठून दिसले. ‘रविवारी दुपारी साडेतीनला आमच्या गच्चीवरून दोन कोंबडे समोरासमोर सोडलेले दिसले, भोवती दहा-बारा पुरुष, एकाच्या हातात नोटा’ अशी एक ओळ ‘शेजारी क्रूर आहे’ अशा दहा ओळींपेक्षा मोलाची. दोन-तीन आठवड्यांच्या अशा नोंदी झाल्या की वार आणि वेळ आपोआप उघडे पडतात आणि पोलिसांना धाडीचा दिवस ठरवता येतो.

चित्रीकरण आपल्या घरातून, गच्चीतून किंवा रस्त्यावरून. कुंपण ओलांडले तर आगळिकीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत बेकायदा शिरल्याचा, गुन्हा तुमच्यावरच लागू शकतो. मूळ फाइल फोनमध्ये जशीच्या तशी ठेवा, कापू नका, त्यावर बाण-वर्तुळे काढू नका. न्यायालयात ती द्यायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि फेरफार केलेल्या फाइलवर पहिला आक्षेप तोच येतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर चुकूनही टाकू नका. त्या ग्रुपवर शेजाऱ्याचा भाचा असतो.

पक्ष्यांचे पुढे काय

निर्णय घेताना याचा विचार क्वचितच होतो, आणि तो व्हायला हवा. जप्त कोंबडे एका टोपलीत घालून ठाण्यात नेले तर सकाळपर्यंत त्यातले काही मेलेले असू शकतात, कारण ते तिथेही झुंजतात. पांजरपोळ मुख्यतः गोवंशासाठी असतात, त्यामुळे कोंबड्यांना जागा मिळेलच असे नाही. लिलाव झाला तर तेच कोंबडे त्याच धंद्यातल्या माणसाकडे परत जाऊ शकतात.

प्राणी कायद्याच्या कलम 35 प्रमाणे दंडाधिकारी जखमी पक्ष्यांना उपचारासाठी पाठवू शकतात आणि त्याच कायद्याखालच्या 2017 च्या नियमांत खटला चालू असताना जप्त प्राण्यांचा सांभाळ कसा व्हावा हे दिले आहे. म्हणून अर्जाच्या शेवटी तीन ओळी जोडा: पक्षी वेगवेगळे ठेवावेत, पशुवैद्याकडून तपासणी करून जखमांची नोंद घ्यावी, लिलाव न करता नोंदणीकृत संस्थेच्या ताब्यात द्यावेत. आणि अर्ज देण्यापूर्वी एखाद्या संस्थेला फोन करून विचारून घ्या, किती नर वेगळे ठेवता येतील. आठ कोंबडे असतील तर आठ पिंजरे लागतात, चार नाही.