मोठ्या घरात वायफाय: रिपीटर, मेश की सरळ केबल?

दुमजली बंगला, राउटर खाली हॉलमध्ये आणि वरच्या मागच्या खोलीत जेमतेम एक कांडी. अशा घरासाठी दुकानदार रिपीटर सुचवतो, जाहिराती मेश सुचवतात. माझं मत आधीच सांगते: घर स्वतःचं असेल आणि भिंतीतून किंवा कडेनं वायर नेता येत असेल, तर पैसे केबलवर घाला. पण सगळ्यांना ते शक्य नसतं, म्हणून तिन्ही नीट पाहू.

खरेदीआधी राउटरजवळ उभं राहून, ५ गीगाहर्ट्झच्या बँडवर (वायफायच्या २.४ आणि ५ या दोन लहरींपैकी वेगवान) स्पीड टेस्ट घ्या. तिथंच वेग प्लॅनपेक्षा फार कमी आला तर आधी लाइन तपासून घ्या. तिथं ठीक असेल तर राउटरची जागा पाहा. फायबर जोडणारा माणूस वायर जिथून आत येते तिथंच, खिडकीच्या कोपऱ्यात किंवा टीव्हीमागे, डबा ठोकून जातो. तो जिन्याजवळ, उंचावर हलवा. जिन्याच्या मोकळ्या जागेत स्लॅब नसतो, त्यामुळे वरच्या मजल्याला तिथून चांगली रेंज मिळते. लोखंडी कपाटामागे राउटर कधीच ठेवू नका.

रिपीटर हजार-दोन हजारांत मिळतो, भिंतीतल्या प्लगला लावला की झालं. अडचण अशी की स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच्यावरच पुढे पाठवतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. त्यात बरेच जण तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात. त्यालाच सिग्नल मिळत नसेल तर तो पुढे काय देणार? तो अर्ध्या वाटेवर हवा. एखाद्या खोलीत व्हॉट्सअॅप आणि यूट्यूब चालण्यापुरता ठीक आहे, अख्ख्या मजल्यासाठी नाही.

मेशमध्ये दोन-तीन डबे मिळून घरभर एकाच नावाचं नेटवर्क देतात. चालता चालता फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर जातो, मांडणी मोबाइल अॅपवरून होते. भाड्याच्या मोठ्या फ्लॅटसाठी हाच पर्याय उत्तम, कारण घर सोडताना सगळं सोबत नेता येतं. मात्र डबे आपसात बोलतात तेही हवेतूनच. मध्ये आरसीसी स्लॅब किंवा कोकणातल्या घरांसारखी जाड चिऱ्याची भिंत आली की तो दुवा ढिला पडतो. बजेट असेल तर ट्राय-बँड, म्हणजे तीन बँडचा, घ्या, त्यातला एक बँड बहुधा डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठीच वापरला जातो.

आता केबल. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग देते, वाटेत भिंती कितीही असोत. वरच्या मजल्यावर तिच्या टोकाला अॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलमधून आलेलं नेट वायफायनं पसरवणारा डबा, लावायचा. घरातला जुना राउटरही चालतो: त्यात अॅक्सेस पॉइंट मोड सुरू करा. तो मोड नसेल तर जुन्या राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कमधले क्रमांक, वाटणारी सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा आणि केबल लॅन पोर्टात लावा. जुन्या राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असू शकतात, एवढं तपासा. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच ठेवा, २.४ गीगाहर्ट्झवर चॅनेल मात्र १, ६, ११ यांतले वेगवेगळे.

केबल घेताना ‘शुद्ध तांब्याची’ असं बिलावर लिहून घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास खपते. आतली एक तार ब्लेडनं खरवडा, चंदेरी निघाली तर परत करा. ती लवकर तुटते, आणि केबलमधूनच वीज पुरवायची असेल तर जास्त तापते.

केबलमधून वीज देण्याची ही सोय, म्हणजे पीओई, आपल्याकडे फार उपयोगी आहे. राउटर आणि पीओई स्विच (केबलमधून नेट आणि वीज दोन्ही देणारा डबा) इन्व्हर्टरवर ठेवला की वीज गेल्यावरही वरचे अॅक्सेस पॉइंट चालू राहतात. मेशला मात्र प्रत्येक डब्याच्या जागी बॅकअप हवा.

पॉवरलाइन अडॅप्टर घराच्या वायरिंगमधूनच नेट नेतो, पण थ्री-फेज बंगल्यात दोन मजले वेगळ्या फेजवर असले की त्याचा भरवसा नाही. मी तो सुचवणार नाही.

अंगणापलीकडे आउटहाउस असेल तर तिथं उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका. जवळपास वीज पडली तर तिचा झटका त्याच तारेतून दोन्हीकडच्या उपकरणांपर्यंत येतो. तिथं धातूची तार नसलेली फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडणारा डबा, लावा.