वाटीपुढे उघडा असलेला नी-सपोर्ट: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

निओप्रीनचा, म्हणजे रबरासारख्या कापडाचा, जाडसर नी-सपोर्ट, गुडघ्याच्या वाटीपुढे गोल भोक, दोन्ही बाजूंना शिवलेल्या लवचिक स्प्रिंगा, वर आणि खाली वेल्क्रोचा एकेक पट्टा. कोणत्या दुखण्यासाठी वापरला हे आधी सांगायला हवं, नाहीतर चांगला की वाईट याला काही अर्थ उरत नाही. दुखणं वाटीच्या मागे आणि भोवती, जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त, आणि बराच वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं अवघडलेली. सूज नाही, गुडघा अडकत नाही, चालता चालता दगाही देत नाही. लिगामेंट, म्हणजे सांध्याची हाडं एकत्र धरणारा बंध, फाटून गुडघा सरकत असेल तर हा मऊ सपोर्ट पुरत नाही. तिथे बिजागरीचा ब्रेस लागतो, आणि तो तज्ज्ञानेच मापून द्यायचा.

निम्म्या तक्रारी मापाच्या असतात. काही कंपन्या वाटीच्या मध्यावरचा घेर विचारतात, काही वाटीच्या वर ठरावीक अंतरावरचा मांडीचा घेर. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरले की सपोर्ट हमखास चुकतो, म्हणून तक्त्यावरची आकृती नीट बघा. माप उभं राहून घ्या, टेप त्वचेला टेकवा पण आवळू नका. संध्याकाळी पाय थोडे सुजत असतील तर संध्याकाळचंच माप धरा. मांडी भरदार आणि गुडघा बारीक असेल तर नळीसारखा चढवायचा प्रकार वर काचतो आणि खाली ढिला पडतो. अशा पायाला पूर्ण उघडणारा, गुंडाळायचा प्रकार बरा.

घालताना खुर्चीच्या कडेला बसून गुडघा थोडा वाकवायचा, भोक बरोबर वाटीवर आणायचं, आधी खालचा पट्टा लावायचा, मग वरचा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. खालच्या पट्ट्याकडे विशेष लक्ष द्या. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक नस त्वचेच्या अगदी जवळून जाते. पट्टा तिथे दाबला की पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात. तसं झालं तर पट्टा लगेच सोडायचा आणि पुन्हा लावताना सैल, त्या उंचवट्यावर दाब येणार नाही असा लावायचा.

फायदा होतो, पण जाहिरातीत सांगतात तसा नाही. ऊब मिळते, अवघडलेपण कमी वाटतं, आणि त्वचेवरच्या दाबामुळे गुडघा कुठे आहे याची जाणीव वाढते, त्यामुळे पाऊल जरा विश्वासाने पडतं. वाटी 'जागेवर बसते' म्हणतात त्यावर फार विसंबू नका. जिन्यावर वाटीमागच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट दाब येतो, तो या कापडाने फारसा कमी होत नाही. तो पेलायचं काम मांडीच्या पुढच्या आणि खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंचं. आत चुंबक किंवा तांब्याचा धागा आहे म्हणून जादा पैसे मोजण्यात तर काहीच अर्थ नाही.

म्हणून हा दिवसभर अंगावर ठेवायची गोष्ट नाही. जिने, लांब चालणं आणि व्यायाम यांपुरता घालावा; बसल्यावर आणि झोपताना काढावा. सुरुवातीला तासभर घालून, काढल्यावर त्वचा बघावी. खरा उपयोग असा, की दुखण्याच्या धास्तीने टळणारा व्यायाम सपोर्ट घालून सुरू होतो.

व्यायामातला सगळ्यात कामाचा म्हणजे पायरी उतरण्याचा. १० सें.मी. उंचीची भक्कम पायरी घ्या, आधाराला भिंत हाताशी ठेवा. दुखरा पाय पायरीवर, दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला टेकवायची, उतरताना मनात तीन आकडे मोजायचे. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. तो अंगठ्याच्या आत झुकला किंवा कंबर एका बाजूला पडली, तर पायरी आणखी कमी उंचीची घ्या. ८ ते १० वेळा, दोन-तीन फेऱ्या, एक दिवस आड. ० ते १० च्या मोजपट्टीवर दुखणं ३-४ पर्यंत गेलं तर चालतं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वपदावर यायला हवं. न आल्यास पुढच्या वेळी फेऱ्या कमी. पायरी जमत नसेल तर पाय सरळ ठेवून उचलण्यापासून सुरुवात करा. सायकल चालवत असाल तर सीटही तपासा: ती फार खाली असली की गुडघा जास्त वाकतो आणि वाटीपुढे दुखतं.

आता त्रासाच्या बाजू. निओप्रीनमधून घाम बाहेर पडत नाही, आणि गुडघ्यामागच्या लवणीत कापडाची घडी पडून कातडी सोलवटते. खूप वेळ बसून काम असेल तर हे ठरलेलंच. लवणीत जाळीदार कापड असलेला प्रकार मिळाला तर तोच घ्या. सपोर्टच्या कडेबरहुकूम लाल, खाजरं पुरळ उठलं तर तो नुसता घाम नसेल. निओप्रीन बनवताना वापरलेल्या रसायनांची काहींना ॲलर्जी असते. मग विणलेल्या नायलॉनचा सपोर्ट बघावा.

धुताना वेल्क्रो बंद करून, थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत पसरून वाळवा. गरम पाणी आणि कडक ऊन यांनी ताण लवकर जातो. आतल्या सिलिकॉनच्या पट्टीवर मॉइश्चरायझर लागला की ती घसरते, म्हणून क्रीम लावून लगेच सपोर्ट चढवू नका. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने निघतात.

गुडघा लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत ताप आला, पायावर भारच देता येईना, किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, तर सपोर्ट बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पट्टे शेवटपर्यंत ओढूनही चालताना सपोर्ट खाली सरकत असेल, किंवा स्प्रिंगची टोकं कापडातून टोचायला लागली, तर नवा घ्यायची वेळ झाली. नवा घेताना माप पुन्हा घ्या; व्यायाम नेमाने झाला असेल तर मांडीचा घेर बदललेला असू शकतो.