राष्ट्रपती भवनाची भेट : तिथे राबणाऱ्यांच्या अंगाने

नवी दिल्लीतील रायसीना टेकडीवरचे राष्ट्रपती भवन आगाऊ ऑनलाइन नोंदणी करून आणि माणशी ५० रुपये शुल्क भरून पाहता येते. मुख्य इमारत, संग्रहालय आणि अमृत उद्यान असे या भेटीचे तीन स्वतंत्र भाग आहेत. बहुतेक जण घुमट, दरबारी दालने आणि झुंबरे पाहायला जातात. मला मात्र ३४० खोल्यांचे हे घर रोजच्या रोज चालते कसे, याची उत्सुकता होती आणि तेवढ्यासाठीही ही भेट घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

त्या दृष्टीने मेजवानीच्या दालनाइतके बोलके दुसरे काही नाही. एका लांबलचक टेबलाभोवती १०४ पाहुणे बसतात, भिंतींवर माजी राष्ट्रपतींची चित्रे आहेत आणि वाढायला कधी निघायचे, ताटल्या कधी उचलायच्या, हे खानसाम्यांना तिथल्या छोट्या दिव्यांच्या इशाऱ्यावरून कळते. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना हाका मारून मारून घसा बसलेला यजमान ज्याने पाहिला आहे, त्याला एवढ्या मोठ्या टेबलावर चकार शब्द न काढता सगळ्यांपुढे एकदम जेवण येण्यामागची तालीम लगेच उमगेल. शिवाय इथली प्रसिद्ध दाल रायसीना शिजायला सुमारे ४८ तास घेते. म्हणजे पाहुण्यांच्या एका जेवणासाठी भटारखान्यात दोन दिवस आधीपासून कोणीतरी आचेपाशी असते.

अशोक मंडप या समारंभाच्या दालनातला प्रचंड गालिचा पाहताना, तो विणायला शेकडो कारागिरांना दोन वर्षे लागली, हे विसरू नये. इतर दिवाणखाने झरझर पाहिले तरी चालतील.

संग्रहालय पूर्वीच्या तबेल्यांत आणि गॅरेजांत उभारले आहे, हे मला फार समर्पक वाटते, कारण मोतद्दार आणि गाडीवान जिथे घाम गाळत होते, तिथेच आता प्रेक्षक चालतात. ब्रिटिश व्हाइसरॉय इथे राहत, त्या काळात इथल्या बागेत ४००हून अधिक माळी होते आणि त्यांतल्या काही मुलांना केवळ पाखरे हाकायचे काम होते. पुढे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) यांना व्हाइसरॉयचे दालन फार ऐसपैस वाटले, म्हणून ते लहान खोल्यांत राहायला गेले. बाग राखण्याचे कष्ट मात्र राहिलेच. वसंतात लोक ज्या ताटव्यांपुढे छायाचित्रे काढतात, त्यांची रोपे माळ्यांनी कित्येक महिने आधीपासून जोपासलेली असतात.

कर्मचाऱ्यांची घरे आणि मुलांची शाळा याच आवारात आहे. इतक्या जवळ राहून ज्यांनी आयुष्यभर इथे सरबराई केली, अशा निवृत्त खानसाम्यांना आणि माळ्यांना अधूनमधून पाहुण्यांशी बोलायला बोलवावे, एवढी एक सूचना मला मनापासून करावीशी वाटते. त्यासाठी वेगळे तिकीट ठेवले तरी मी ते आनंदाने काढीन.