कॅटलिस्ट ९३०० चं अपग्रेड, रत्नागिरीला न जाता

आमचं मुख्य ऑफिस चाकणला आणि गोदामं रत्नागिरीपासून नांदेडपर्यंत. त्यामुळे नेटवर्क स्विच (ऑफिसातली यंत्रं एकमेकांना जोडणारी पेटी) घेताना पोर्ट किती, स्पीड किती हे मी नंतर बघतो. आधी बघतो, सॉफ्टवेअर इथं बसून बदलता येतं का, आणि फसलं तर स्विच आपला आपण सावरतो का. सिस्कोचा कॅटलिस्ट ९३०० इथे पास.

सिस्कोच्याच जुन्या २९६० स्विचवर टीएफटीपीनं (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) इमेज, म्हणजे सॉफ्टवेअरची फाइल, चढवायची, कुठल्या फाइलवरून सुरू व्हायचं ते सांगणारी 'बूट सिस्टम'ची ओळ बदलायची, रीलोड मारायचा (स्विच पुन्हा सुरू करायचा) आणि पिंगकडे, म्हणजे स्विच उत्तर देतो का याकडे, डोळे लावून बसायचं. इमेज खराब निघाली की स्विच नुसता 'स्विच:' असा प्रॉम्प्ट दाखवून अडून बसणार. मग काढा गाडी, घ्या कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी). तिच्यावरून ९६०० बॉडच्या संथ वेगानं, एक्समोडेम या जुन्या पद्धतीनं १५ एमबीची फाइल जायला चार तासांच्या वर लागतात. तेवढ्यात गोदामाच्या वॉचमनच्या घरची सगळी हकिगत कळते.

९३०० वर आयओएस एक्सई या सिस्कोच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉल मोड आहे. तीन पायऱ्या: ॲड (नवं सॉफ्टवेअर स्विचवर आणून ठेवणं), ॲक्टिव्हेट (रीलोड करून ते चालू करणं), कमिट (पक्कं करणं). ॲड भर दुपारी केलं तरी ट्रॅफिकला धक्का नाही, आणि स्टॅक, म्हणजे एकत्र जोडून एकासारखे चालणारे स्विच, असेल (आठ स्विचपर्यंत जातो) तर पॅकेज सगळ्या मेंबरवर आपोआप पोचतं. रात्री फक्त ॲक्टिव्हेट. स्विच वर आला की 'शो इन्स्टॉल समरी'त नव्या व्हर्जनसमोर 'यू' दिसतो: चालू आहे, पण पक्कं नाही. आता खरी गंमत. ॲक्टिव्हेट केल्यापासून १२० मिनिटांत कमिट दिलं नाही, तर स्विच पुन्हा रीलोड होऊन जुन्या व्हर्जनवर जातो. अपलिंक (मुख्य नेटवर्ककडे जाणारी जोडणी) मेली, तुम्हाला स्विच दिसतच नाही, तरीही. एवढ्या एका सोयीसाठी मी जास्त पैसे मोजायला तयार आहे.

पण बरेच इंटिग्रेटर (नेटवर्क बसवून देणारे) तिन्ही कमांड एकाच ओळीत देऊन मोकळे होतात. कमिट तिथल्या तिथे होतं आणि आपोआप परतीची वाट बंद. लांबच्या साइटवर हे करणाऱ्याला आधी एसटीचं तिकीट काढायला सांगावं. स्विच बंडल मोडमध्ये (एका अखंड इमेज फाइलवरून चालणारा) असेल तर ही सोय मिळतच नाही, हेही आधी तपासा.

कुरकुर आहेच. इमेज एक जीबीच्या वर, बारीक लिंकवरून पाठवताना जीव जातो. साइटवर कुणी असेल तर पुढच्या यूएसबी पोर्टला पेनड्राइव्ह लावायला सांगतो. इमेज उतरवायला सपोर्ट करार लागतो. पीओई मॉडेलवर (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारी) कधी कधी मायक्रोकोडही (हार्डवेअरमधलं छोटं सॉफ्टवेअर) बदलतो आणि बूट लांबतं. त्या वेळी 'हँग झाला' म्हणून कुणी पॉवर काढू नये, हे फोनवर ठणकावून सांगावं लागतं. आणि रिलीजची नावं! १७.४ ते १७.६ म्हणजे 'बंगळुरू', त्यानंतर 'क्युपर्टिनो'. मी आकडेच बोलतो.

अपग्रेड टाळून चालत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस एक्सईच्या वेब यूआयमधलं (ब्राउझरमधून स्विच चालवायचं पान) सुरक्षेचं छिद्र (नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-२०१९८) बाहेर आलं, गंभीरता १० पैकी १०. आधी ते पान चालवणारा एचटीटीपी सर्व्हर बंद करायचा आणि मग १७.९.४ए वर जायचं, हाच क्रम होता. तेव्हा 'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा' म्हणणारे गप्प झाले.

एकाच मजल्यावर दोन स्विच असतील आणि तुम्ही शेजारीच बसत असाल, तर एवढा खर्च नको. गोदामं लांब असतील तर घ्या. आणि जुनी पॅकेजेस 'इन्स्टॉल रिमूव्ह इनॲक्टिव्ह'नं साफ करायची घाई नको, आठवडाभर नवं व्हर्जन नीट चाललेलं बघा.