मलेरियाच्या डासांवरच्या मलमाच्या चाचणीला स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांसाठी : साडेतीन तारे

महापालिकेच्या मलेरिया विभागात गच्चीवरच्या टाक्यांमधून अळ्या काढण्यात माझी सारी नोकरी सरली. त्यामुळे नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका खासगी केंद्राला डास पळवणाऱ्या मलमाच्या चाचणीसाठी माणसं हवीत म्हटल्यावर मी नाव दिलं. घरच्यांनी कपाळाला हात लावला.

पहिले तीन तारे संमतीपत्राचे. टेबलावरच्या मुलीने ते अख्खं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "काका, आता तुम्ही सांगा, आज काय होणारे?" मधूनच उठून गेलं तरी चालतं, कारण द्यायचं नाही, हे मी सांगायचं विसरलो, तर तिने ते पान पुन्हा वाचलं. सही केलेली प्रत हातात दिली, तिच्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे चाचणीतल्या माणसांचं हित बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर. १८९७ साली सिकंदराबादला डासात मलेरिया शोधणाऱ्या रॉससाहेबाने हुसेन खान या मलेरियाच्या रुग्णाला डास चावून घ्यायचा डासामागे एक आणा दिला. त्याला कोण असं विचारत बसलं होतं!

चाचणी अशी. आदल्या रात्रीपासून तंबाखू, अत्तर बंद. मलेरियाचा डास, ॲनोफिलीस, रात्री चावतो, म्हणून खोलीत भरदिवसा काळोख. पेटीत दोनशेच्या वर उपाशी माद्या. आधी कोरा हात घालायचा. माद्या लगेच तुटून पडतात, म्हणजे त्यांना भूक आहे हे कळतं. मग मलमाचा हात, पंज्यावर हातमोजा, तीन मिनिटं. माद्या जवळ येऊन मागे फिरतात, बघायला गंमत वाटते. दर तासाने तेच, पहिला चावा बसेपर्यंत. भीती नाही, कारण डास तिथेच अंड्यांपासून वाढवलेले. मलेरिया अंड्यातून येत नाही, डासाला तो रुग्णाच्या रक्तातूनच मिळतो.

पुढचा टप्पा बाहेरचा. रात्रभर पाय उघडे टाकून बसायचं, टेकलेला डास चावायच्या आत नळीने ओढायचा. तिथले डास बाहेरचे, म्हणून आधी मलेरियाच्या गोळ्या देणार का, ताप आला तर खर्च कोणाचा, असं विचारलं. गोळ्या देणार, उपचार फुकट, हे कागदावर दाखवलं. माझ्या गुडघ्यांमुळे मी नाही म्हटलं. कोणी गळ घातली नाही.

दीड तारा कापला तो पैशांसाठी. बुडालेल्या रोजाचे पैसे आठवड्यांनी बँकेत येतात. मला पेन्शन आहे, पण माझ्या शेजारी नाक्यावरचा बिगारी बसला होता, त्याला संध्याकाळी घरी पीठ न्यायचं असतं. हे मी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहून आलोय. तुम्ही गेलात तर तुम्हीही लिहा.