ओटीपी कोणालाच सांगितला नव्हता

"ओटीपी कोणाला सांगितला होता का?" बँकेत, पोलिसांकडे, नातेवाइकांत, सगळीकडे पहिला प्रश्न हाच. नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर 'ही काहीतरी लपवतेय' असं स्पष्ट उमटतं. म्हणून जे झालं ते नीट लिहून काढतेय. ओटीपी, पिन, सीव्हीव्ही यांतलं काहीही मी फोनवर कोणालाही सांगितलं नाही. तरीही बचत खातं साफ झालं आणि एक एफडी मोडून तिचेही पैसे गेले.

सुरुवात अगदी किरकोळ होती. एक बिल ऑनलाइन भरलं, खात्यातून पैसे कटले, पण बिल 'न भरलेलं'च दिसत राहिलं. असे अडकलेले पैसे बहुतेक वेळा आपोआप परत येतात. तरी विचारून घ्यावं म्हणून बँकेचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधला. सगळ्यात वर बँकेचं नाव, लोगो आणि ठळक नंबर आला. फोन लावला, दोनतीन रिंग वाजून कट झाला. थोड्या वेळात एका मोबाइल नंबरवरून उलट फोन आला: "मॅडम, आपला मिस्ड कॉल होता, काय सेवा करू?"

सर्चमध्ये वर दिसणारा नंबर बँकेचाच असेल असं कोणीही धरून चालतं. पण ती जागा पैसे देऊन जाहिरातीलाही मिळते, आणि नकाशावरच्या शाखेच्या नोंदीत नंबर बदलण्याची सूचना कोणीही परका माणूस पाठवू शकतो. चोराला तुम्हाला शोधावं लागत नाही. अडचणीत सापडलेली माणसं आपणहून फोन करतात, आणि स्वतः लावलेल्या फोनवर संशय घ्यायचा हे कोणी शिकवलेलं नसतं. अनोळखी कॉल आला असता तर मी तो दोन वाक्यांत तोडला असता.

माणूस बोलायला अत्यंत मर्यादाशील. घाई नाही, धमकी नाही. माझं नाव, बँकेचं नाव, बिलाची रक्कम, सगळं त्याला माहीत होतं असं मला तेव्हा वाटलं. नंतर शांतपणे आठवून पाहिलं तर यातली प्रत्येक गोष्ट आधी मीच बोलले होते. त्याने ती थोड्या वेळाने, आपल्याकडच्या नोंदीतून वाचल्यासारखी, मलाच परत ऐकवली. मग एक लांबलचक तक्रार क्रमांक दिला, मला तो लिहून घ्यायला लावला आणि परत म्हणून दाखवायला सांगितला. मध्येच स्वतःहून म्हणाला, "आणि मॅडम, ओटीपी आला तर तो कोणालाही द्यायचा नाही हं. मलासुद्धा नाही." या एका वाक्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. त्याला ओटीपी तोंडाने नकोच होता.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आली. बँकेचं नाव, त्यापुढे 'सपोर्ट', आणि शेवटी डॉट एपीके, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून अँड्रॉइड फोनवर थेट अ‍ॅप चढवणारी फाइल. मी ती उघडायच्या आधीच तो म्हणाला, "आता फोन एक सूचना दाखवेल. हे नवीन व्हर्जन अजून प्ले स्टोअरवर चढलेलं नाही, म्हणून दाखवतो. सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करा." आणि खरोखर सूचना आली: अज्ञात स्रोतावरून अ‍ॅप घेण्याची परवानगी नाही. मला सावध करण्यासाठी फोन बनवणाऱ्यांनी घातलेली ती चौकट, पण तिचं भाकीत आधीच झालेलं असल्यामुळे 'बरोबर सांगतोय हा' एवढंच मनात आलं. पुढे आणखी दोन चौकटी. एकीत या अ‍ॅपला एसएमएस पाहू आणि पाठवू द्यायचे का असं विचारलं होतं. दुसरीत यालाच मुख्य एसएमएस अ‍ॅप करायचं का असं होतं. खाली 'अनुमती द्या'. बिलाची तक्रार नोंदवणाऱ्या अ‍ॅपला माझे मेसेज कशाला हवेत? हा प्रश्न आज किती सरळ वाटतो.

आत बँकेच्याच रंगातला फॉर्म. पहिल्या पानावर नाव, मोबाइल, तक्रारीचा प्रकार. दुसऱ्यावर 'ग्राहक पडताळणी'साठी नेटबँकिंगचा यूजर आयडी, पासवर्ड आणि कार्डाचा नंबर. ते भरल्यावर एक चक्र फिरत राहिलं आणि खाली ओळ आली: प्रक्रिया सुरू आहे, २४ तास अ‍ॅप काढू नये. त्याने आभार मानून फोन ठेवला.

मागे काय घडत होतं ते मला पुढे एका सायबर पोलिसाने समजावलं. असं अ‍ॅप म्हणजे मेसेज पुढे ढकलणारा हमाल. बँकेचा ओटीपी माझ्या फोनवर आला की तो त्याच क्षणी चोराच्या हातात. मुख्य एसएमएस अ‍ॅपची जागा त्यानेच घेतल्यामुळे मेसेज मला दाखवायचे की दाबायचे हेही त्याच्याच मर्जीवर. यूजर आयडी आणि पासवर्ड फॉर्ममधून गेलेच होते. म्हणजे माझ्या नावाने लॉगिन करून तो निवांत बसला होता, आणि माझा फोन गप्प होता.

कळलं ते ईमेलमुळे. कॉम्प्युटरवर मेलबॉक्स उघडा होता, त्यात बँकेचा मेल पडला: आपल्या विनंतीनुसार आपली मुदत ठेव मुदतपूर्व बंद करण्यात आली आहे. मी कसली विनंती केली? त्याखाली पैसे गेल्याचे मेल, एकावर एक. बँकेचे अलर्ट ईमेलवर चालू नसतील तर ते आजच करून घ्या. फोन ताब्यात गेलेला असतो तेव्हा तेवढीच एक खिडकी उघडी राहते.

एफडीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे बहुतेक जण गाफील असतात. बचत खात्यात मी फारसं ठेवत नव्हते, 'ऑनलाइन काही झालंच तर थोडंच जाईल' या हिशेबाने. पण एफडी त्याच यूजर आयडीखाली दिसत असेल आणि ऑनलाइन मोडण्याची सोय चालू असेल, तर ती कुलपात नसतेच. एक बटण, एक ओटीपी, पैसे बचत खात्यात. नवीन लाभार्थी, म्हणजे ज्याला पैसे पाठवायचे त्याचं खातं, जोडल्यावर काही काळ मोठी रक्कम पाठवता येत नाही, असं बंधन बऱ्याच बँका ठेवतात. चोराला ते माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. त्याने मर्यादेत बसतील असे तुकडे केले, थोडे खात्यावरून, थोडे कार्डावरून.

मी पहिलं काम केलं ते फोन एअरप्लेन मोडवर टाकण्याचं, तेही कोणीतरी ओरडून सांगितलं म्हणून. वायफायही बंद आहे ना ते पाहा. मग दुसऱ्याच्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन करून नेटबँकिंग, कार्ड, यूपीआय सगळं बंद करायला लावलं. पासवर्ड त्याच फोनवरून बदलत बसण्यात अर्थ नसतो. नवा पासवर्ड ठेवायला लागणारा ओटीपीही चोरच वाचत असतो.

त्यानंतर लगेच १९३०. आर्थिक सायबर गुन्ह्यांसाठीची ही देशभराची हेल्पलाइन आहे. लाइन व्यस्त लागते, लावत राहावं लागतं. तिथे विचारतात ते हाताशी ठेवा: खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, वेळ आणि यूटीआर किंवा व्यवहार क्रमांक. माझ्याकडे ते ईमेलमध्ये होते म्हणून निभावलं. नोंद झाली की ज्या बँकेत पैसे गेले तिला ते रोखण्याची सूचना जाते. पण पैसे एका खात्यात थांबत नाहीत. भाड्याने घेतलेल्या दुसऱ्यातिसऱ्याच्या खात्यांतून ते मिनिटांत पुढे सरकतात, आणि जे अजून सरकले नसतील तेवढेच होल्ड होतात. माझे काही झाले, बरेच नाही झाले. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरून पोचपावती क्रमांक घेतला, आणि शाखेत लेखी अर्ज देऊन प्रतीवर तारीख-वेळेसह शिक्का मारून घेतला. फोन फॅक्टरी रीसेट करण्याआधी ते चॅट, तो नंबर आणि फाइलचं नाव यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवले.

त्या शिक्क्याचं महत्त्व पुढे कळलं. बँकेचं म्हणणं, व्यवहार ओटीपी टाकून झालेत, म्हणजे ग्राहकाचा निष्काळजीपणा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक यासाठी प्रत्येकाने एकदा वाचावं. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच जबाबदारी नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीत कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं तरीही नाही. कामकाजाच्या ४ ते ७ दिवसांत कळवलं तर मर्यादित. पण पासवर्ड वगैरे ग्राहकाकडूनच गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. शिवाय जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर टाकलेलं आहे. मी बँकेला कळवल्यानंतरही एक व्यवहार होऊन गेला होता. तेवढी रक्कम बँकेने मुकाट्याने परत जमा केली, कारण वेळ कागदावर होती.

उरलेल्याबद्दल वाद चालू आहे. फसवून काढून घेतलेला पासवर्ड आणि बेफिकिरीने वाटलेला पासवर्ड, दोघांना एकच शब्द लावणं मला पटत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, ती केली आहे. मधूनच कोणीतरी ऐकवतं, "एवढी शिकलेली असून?" या प्रश्नाच्या भीतीने माणसं तक्रारच करत नाहीत, दोन दिवस स्वतःशीच ठेवतात, आणि पैसे थोपवता आले असते ते तास निघून जातात.

दुसरा फटका बसता बसता राहिला. तक्रारीनंतर 'सायबर विभागातून' फोन आला. तुमची रक्कम होल्ड आहे, सोडवायला प्रक्रिया शुल्क भरा, लिंक पाठवतो. फसलेल्यांच्या नावांच्या याद्या या टोळ्यांत विकल्या जातात म्हणे. होल्ड झालेले पैसे सुटतात ते तपास यंत्रणा, बँक आणि न्यायालयाच्या आदेशाने. त्यासाठी लिंकवर शुल्क भरायला कोणी सांगत असेल तर तो चोर, इथे दुसरा विचार करू नये.

आता केलेले बदल. एफडी ऑनलाइन मोडण्याची सोय शाखेत अर्ज देऊन बंद करून घेतली. सगळ्याच बँका हे सहज करत नाहीत, मागे लागावं लागतं. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार अ‍ॅपमधून बंद ठेवते, गरजेपुरते चालू करते. ही चालू-बंद करण्याची सोय बँकांनी द्यायलाच हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२० पासून आहे. मोठ्या खात्याला जोडलेलं सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये आहे. त्यात एपीके चढवणार कुठे? रोजच्या यूपीआयला दुसऱ्या बँकेतलं छोटं खातं, त्यात लागेल तेवढेच पैसे. घरातल्यांना हे थोडं अति वाटतं. वाटू दे.

बँकेचा नंबर फक्त कार्डाच्या मागचा, पासबुकावरचा किंवा बँकेच्या अ‍ॅपमधला. बँकेची वेबसाइट उघडली की पत्त्याच्या पट्टीत आता एक गोष्ट तपासता येते: रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. हा शेवट बँकांखेरीज कोणाला मिळत नाही. बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवले आहेत, तेव्हा दहा आकडी मोबाइलवरून बोलणारा 'बँक अधिकारी' ऐकून घ्यायचं कारण उरत नाही. आणि फोनवर कोणी स्टार ४०१ स्टारने सुरू होणारा आकडा डायल करायला सांगितलं तर करू नका, त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळवले जाऊ शकतात. वळवलेले असल्याची शंका असेल तर हॅश हॅश ००२ हॅश डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

संशयित नंबर कळवायला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे, पैसे गेलेले नसले तरी तिथे तक्रार घेतात. मी तो नंबर तिथे दिला, सर्चमधल्या नोंदीचीही तक्रार केली. नोंद काढली गेली. काही आठवड्यांनी बँकेच्या त्याच नावाखाली वेगळा नंबर दिसू लागला, तोही कळवला आहे.